गेमसाठी जॉयस्टिक, कीबोर्ड, माउस की गेमपॅड? निवड, जोडणी, सेटिंग आणि दुरुस्ती

नागपूरच्या बर्डीतल्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात ‘गेमिंगचा कीबोर्ड दाखवा’ म्हटलं की काउंटरवर रंगीत दिव्यांचे डबे मांडले जातात. दिवे आता सगळ्यांनाच असतात, त्यावरून काही ठरत नाही. ठरवायचं असतं ते एकच: जो गेम खेळायचा आहे तो हाताकडून नेमकं काय मागतो? गेल्या साठ वर्षांत खेळाडूंच्या हातातली साधनं बदलत गेली ती याच प्रश्नामुळे, आणि आज पैसे वाया जातात तेही हा प्रश्न न विचारल्यामुळे.

आधी गेमची मागणी ओळखा

हाताची प्रत्येक हालचाल संगणकाकडे तीनपैकी एका रूपात जाते.

पहिलं रूप चालू-बंद. कीबोर्डची की, गेमपॅडचं बटण, चार दिशांचा डी-पॅड हे सगळे दिव्याच्या खटक्यासारखे. उडी मारली किंवा नाही मारली, मधलं काही नाही.

दुसरं रूप ‘किती’. जॉयस्टिकचा दांडा, गेमपॅडच्या छोट्या स्टिक, स्टीअरिंग, पेडल हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखे. दांडा किती कलला, ब्रेक किती दाबला हे आकड्यात कळतं आणि हात सोडला की साधन मधल्या किंवा मूळ जागी परत येतं.

तिसरं रूप ‘इथून किती सरकलं’. हे माउसचं काम. माउसला मधली जागाच नाही. तो फक्त मागच्या क्षणापासूनचं अंतर सांगतो, म्हणून नजर झटकन वळवून नेमकी थांबवता येते.

उड्या मारायचे आणि मारामारीचे गेम पहिल्या रूपावर चालतात. विमान आणि गाडी दुसऱ्यावर, नेमबाजी तिसऱ्यावर. नेमबाजीच्या गेममध्ये गेमपॅड घेऊन बसलेल्याला गेमने नेम धरायला मदत करावी लागते. उलट गाडीच्या गेममध्ये कीबोर्ड वापरला की वळण घेताना स्टीअरिंग एकदम टोकाला जातं आणि गाडी घसरते. दोष हाताचा नसतो.

जुन्या गेमना जुनं साधन का लागतं

१९६२ साली एमआयटीमध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार झाला तेव्हा यान चालवायला यंत्राच्या दर्शनी भागावरचे खटकेच वापरायचे. ते गैरसोयीचे होते, म्हणून तिथल्याच मंडळींनी वेगळे कंट्रोल बॉक्स बनवले. १९७२ च्या ‘पाँग’ला फिरवायचं बटण होतं, कारण बॅट वर-खाली ‘किती’ न्यायची हे सांगायचं होतं. अटारीच्या १९७० च्या दशकातल्या घरगुती यंत्राची एका बटणाची जॉयस्टिक मात्र दिसायला दांडा असली तरी आत चार खटकेच होते. तिचा ९ पिनांचा जोड तेव्हाच्या बऱ्याच घरगुती संगणकांनी उचलला.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसीसाठी दिलेला १५ पिनांचा गेमपोर्ट अगदी वेगळ्या जातीचा. त्यात दांड्याला जोडलेला ० ते १०० किलो-ओहमचा बदलता रोध एक कपॅसिटर भरायचा. तो भरायला लागलेला वेळ, म्हणजे साधारण २४ ते ११२४ मायक्रोसेकंद, प्रोसेसर स्वतः मोजायचा. प्रोसेसर वेगवान झाला की तीच जागा वेगळ्या आकड्यात दिसायची. म्हणून जुने (विंडोजआधीच्या डॉस प्रणालीवरचे) गेम सुरुवातीलाच ‘दांडा डाव्या वरच्या कोपऱ्यात न्या, आता उजव्या खालच्या’ असं करून घ्यायचे. अटारीची जॉयस्टिक या पोर्टला नुसती वायर बदलून चालत नाही, तेही यामुळेच: एकीकडे खटका, दुसरीकडे रोध.

अडगळीत १५ पिनांची जॉयस्टिक पडली असेल तर गेमपोर्टवरून यूएसबीवर नेणारा अडॅप्टर घ्या. ज्या अडॅप्टरवर फक्त ‘मिडी’ लिहिलंय तो घेऊ नका. त्याच आकाराच्या जोडातून साउंड कार्डं संगीताचे संकेतही पाठवायची, आणि असे बरेच अडॅप्टर फक्त तेवढंच करतात. जोडल्यावर पुढचं असं:

१. विंडोजची रन खिडकी उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ चालवा (अक्षरं अर्थात इंग्रजी). यादीत साधन दिसलं की प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज, मग कॅलिब्रेट.

२. दांडा सावकाश चारही टोकांना न्या. क्रॉसची खूण टोकाला पोहोचण्याआधीच अडकली किंवा मध्येच उडाली, तर आतल्या रोधाची पट्टी घाणीने भरली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारून दांडा वीस-तीस वेळा फिरवा आणि पुन्हा तपासा.

३. जुना गेम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकावर डॉस गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवत असाल तर कंट्रोल आणि एफ१ दाबून मॅपर उघडा आणि बटणं जुळवून घ्या.

४. गेममध्ये यान एका बाजूला ओढलं जात असेल तर डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमधल्या जॉयस्टिक विभागात ‘टाइम्ड’ला ‘फॉल्स’ करा. सायकल्सचा, म्हणजे नकली प्रोसेसरच्या वेगाचा, आकडाही ‘ऑटो’वर न ठेवता एक ठरावीक ठेवा, नाहीतर केलेलं कॅलिब्रेशन टिकणार नाही.

जुना विंडोज असलेला पीसी जपून ठेवला असेल तर गेमपोर्ट त्यावरच वापरा. व्हिस्टापासून विंडोजने गेमपोर्टचा आधार काढून टाकला.

डी-पॅडची कहाणी थोडक्यात: निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी तो १९८२ च्या हातात धरायच्या ‘डाँकी काँग’साठी बनवला. पुढे टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममधून तो आपल्याकडे घरोघरी पोहोचला. मारामारीच्या आणि जुन्या सपाट गेमसाठी आजही गेमपॅड घेताना स्टिकपेक्षा डी-पॅड आधी तपासावा. अंगठा एका दिशेला दाबून धरा आणि किंचित डोलवा. शेजारची दिशा आपोआप लागली तर तो पॅड परत ठेवा.

डब्ल्यू, ए, एस, डी आणि कीबोर्ड

१९९३ चा ‘डूम’ मूळ मांडणीत बाणांच्या कीवर चालायचा. कंट्रोलने गोळी, स्पेसने दार. माउस चालायचा, पण तो पुढे ढकलला की माणूसही पुढे चालायला लागायचा. (आज नव्या संगणकांसाठीच्या आवृत्तीत डूम खेळताना माउसची उभी हालचाल बंद करायचा पर्याय असतो, तो पहिल्यांदा बंद करा.) १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये वर-खाली मोकळेपणी बघता येऊ लागलं आणि उजवा हात माउसवर गेला. मग बाण अडचणीचे झाले, दोन्ही हात एका बाजूला गोळा व्हायचे. १९९७ मध्ये डेनिस फाँग, म्हणजे ‘थ्रेश’, याने क्वेकची ‘रेड अ‍ॅनायहिलेशन’ स्पर्धा जिंकून क्वेक बनवणाऱ्यांपैकी जॉन कारमॅक यांची फेरारी बक्षीस म्हणून नेली. त्याची डाव्या हाताची मांडणी लोकांनी उचलली. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने डब्ल्यू, ए, एस, डी हीच मूळ मांडणी म्हणून दिली आणि वाद मिटला.

या मांडणीने कीबोर्डची एक जुनी कमजोरी उघडी पाडली. कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि की दाबली की एक आडवी, एक उभी तार जुळते. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की करंट आडवाटेने जाऊन चौथाही दाबल्यासारखा दिसतो. स्वस्त कीबोर्डचा कंट्रोलर हे टाळायला तिसरी कीच गाळतो. म्हणून तिरकं धावताना उडी लागत नाही. महाग कीबोर्डमध्ये प्रत्येक कीला एक डायोड असतो, तो आडवाट बंद करतो.

दुकानात तपासायला एक मिनिट पुरतं. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट धरून ठेवा आणि ए ते झेड एकेक की दाबा. जी अक्षरं उमटत नाहीत ती जाळीने खाल्ली. नंतर डावा शिफ्ट आणि डब्ल्यू धरून, ए आणि स्पेस एकदम दाबा. यात एकही की गळली तर गेमसाठी तो कीबोर्ड नको, मग त्याला कितीही दिवे असोत. खोक्यावर ‘२६ कीज अँटी-घोस्टिंग’ लिहिलेलं असेल तरी ही चाचणी कराच, कारण बऱ्याचदा त्या २६ म्हणजे गेमच्या आसपासच्याच की असतात.

मेकॅनिकल घ्यायचा असेल तर स्विचचा रंग बघा. चेरी कंपनीचा लाल स्विच सरळ खाली जातो, साधारण ४५ ग्रॅम जोराला आणि २ मिलिमीटरवर लागतो, एकूण प्रवास ४ मिलिमीटर. तपकिरीला मध्ये हलका अडथळा जाणवतो. निळा टकटक वाजतो. हॉस्टेलमध्ये किंवा जिथे शेजारच्या खाटेवर कोणी झोपलेलं असतं तिथे निळा घेऊन भांडण ओढवून घेऊ नका. इतर कंपन्या हेच रंग वापरतात, पण जोर आणि अंतर थोडं वेगळं असतं. स्विच काढून बदलता येतील असा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड मिळाला तर तो घ्या. एक स्विच बिघडला म्हणून सोल्डरिंग करावं लागत नाही.

हॉल सेन्सरचे चुंबकी कीबोर्ड गेल्या काही वर्षांत आले. त्यांत की किती खोल गेली हे कळतं, म्हणून ती कुठे लागावी हे ठरवता येतं, आणि बोट जरा वर उचललं की लगेच सुटते. अंतर एकदम ०.१ मिलिमीटरवर ठेवू नका, कीवर बोट नुसतं टेकलं तरी माणूस चालायला लागतो. १ ते १.२ पासून सुरू करा आणि आठवड्याने ०.२ ने कमी करत जा. डावी-उजवी एकदम दाबल्यावर शेवटची दिशा आपोआप लागू करणारी सोय मात्र काउंटर-स्ट्राइक २ साठी बंद ठेवा. हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर तिला मनाई केली आहे आणि गेम खेळाडूला बाहेर काढू शकतो.

माउस: आकडे एकदाच बसवा

गोळीचा माउस आता कोणी वापरत नाही. ज्यांनी वापरला त्यांना आतल्या रोलरवरचा काळा थर नखाने खरवडणं आठवत असेल. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर प्रकाशाने सरक मोजू लागला आणि गोळी गेली.

आजच्या साध्या गेमिंग माउसचा सेन्सरही खेळाडूपेक्षा चांगला असतो. २५,००० डीपीआयच्या (माउस एक इंच सरकला की तो किती ठिपके मोजतो) जाहिरातीकडे दुर्लक्ष करा, ८०० किंवा १६०० पुरे. पोलिंगचा हिशोब सोपा आहे: साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी माहिती देतो, १००० वेळा म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्रच १६.७ मिलिसेकंद टिकतं. १२५ वरून १००० वर जाणं जाणवतं. १००० वरून ८००० वर जाण्यात प्रोसेसरवरचा बोजा वाढतो, हाताला फरक क्वचित कळतो.

सेटिंगचा क्रम असा ठेवा, उलटा केलात तर प्रत्येक पायरी आधीची बिघडवते:

१. कंट्रोल पॅनेल, माउस, पॉइंटर ऑप्शन्स. ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असेल तर माउस जोरात हलवल्यावर जास्त सरकतो आणि हाताला अंतराची सवय लागत नाही. वरची पट्टी मधल्या, म्हणजे सहाव्या खुणेवर ठेवा.

२. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीपीआय ८००, पोलिंग १०००. सॉफ्टवेअर नसेल तर माउसखालचं बटण बघा.

३. गेममध्ये ‘रॉ इनपुट’ (विंडोजची सेटिंग वगळून थेट माउसची माहिती घेणं) असेल तर चालू, अ‍ॅक्सिलरेशन शून्य.

४. आता संवेदनशीलता. काउंटर-स्ट्राइकमध्ये पूर्ण गोल वळायला लागणारं अंतर सेंटिमीटरमध्ये = ४१,५६४ भागिले (डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटी). ८०० आणि १.० धरलं तर साधारण ५२ सेंटिमीटर. व्हॅलोरंटमध्ये वरच्या आकड्याऐवजी १३,०६३ घ्या. ८०० आणि ०.४ म्हणजे ४१ सेंटिमीटरच्या जवळ. काउंटर-स्ट्राइकचा आकडा व्हॅलोरंटमध्ये न्यायचा तर त्याला ३.१८ ने भागा.

५. ३० ते ५५ सेंटिमीटर यांमधला एक आकडा निवडा आणि दोन आठवडे हात लावू नका. हरल्यावर रोज सेन्सिटिव्हिटी बदलणारा पुढे जात नाही.

इथे टेबल आडवं येतं. बऱ्याच घरांत संगणकाचं टेबल म्हणजे खाली सरकती कीबोर्ड ट्रे, त्यावर कीबोर्ड ठेवल्यावर माउसला वीतभर जागा उरते. त्या जागेत ५० सेंटिमीटर बसणार नाही. कीबोर्ड टेबलावर घ्या, डावं टोक आपल्याकडे येईल असा तिरका ठेवा आणि माउसखाली निदान ४५ बाय ४० सेंटिमीटरचं कापडी पॅड टाका. टेबलाला काच असेल तर पॅड अत्यावश्यक, साधे सेन्सर काचेवर उड्या मारतात.

वायरलेस माउस अडखळत असेल तर आधी डोंगल, म्हणजे माउसचे संकेत घेणारा यूएसबीतला तुकडा, कुठे आहे ते बघा. सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी असेल तर तेच कारण. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. एक्स्टेन्शन वायरने डोंगल पॅडपासून २०-३० सेंटिमीटरवर आणा.

एका क्लिकच्या दोन क्लिक होतात तेव्हा

माउसचं हे सर्वांत जास्त दिसणारं दुखणं. फोल्डरवर एकच क्लिक केली तरी ते उघडतं, फाइल ओढताना हातातून सुटते. आत एक पातळ पत्र्याची स्प्रिंग असते, ती दाबली की संपर्क जुळतो. स्प्रिंग सैल झाली की संपर्क नीट बसण्याआधी उड्या मारतो. शिवाय माउसमधला करंट इतका थोडा असतो की संपर्कावर जमलेला गंजाचा पातळ थर तो फोडू शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची वेळ (एका क्लिकनंतर लगेचच्या उड्या न मोजण्याची) वाढवायची सोय असेल तर ती आधी वाढवून बघा. वॉरंटी चालू असेल तर पुढचं काहीच करू नका.

लागणारं सामान: छोटा स्क्रूड्रायव्हर, तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची सोल्डर वायर, फ्लक्स, सोल्डर ओढायचा पंप किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, माउसच्या पायांच्या नव्या पट्ट्या आणि दोन स्विच. डावं एकच बिघडलं असलं तरी जोडी बदला, नाहीतर दोन्ही बोटांना वेगळं लागतं. बऱ्याच माउसमध्ये ओम्रॉनचा डी२एफसी-एफ-७एन असतो. त्याच आकाराचा डी२एफ-०१एफ मिळाला तर जास्त चांगला, त्याचे संपर्क कमी करंटसाठीच केलेले असतात.

वायर काढा, वायरलेस असेल तर बॅटरीचा जोड सर्वांत आधी सोडवा. तळाच्या पट्ट्या हेअर ड्रायरने कोमट करून उचला, स्क्रू त्यांच्याखाली असतात. वरचं कवच झटक्यात ओढू नका. बऱ्याचदा ते आतल्या बोर्डाला पट्टीच्या वायरने जोडलेलं असतं आणि ती तुटली की दुरुस्तीचा खर्च नव्या माउसएवढा होतो. बोर्ड दिसला की फोटो काढा: स्विचचा दाबायचा ठिपका एका टोकाकडे असतो, तो कुठल्या बाजूला आहे हे नंतर आठवत नाही.

आयर्न ३४० अंशांवर ठेवा. जुन्या तिन्ही पिनांवर आधी थोडी नवी सोल्डर लावा, जुनी सोल्डर अशाने लवकर वितळते. मग एकेक पिन मोकळी करा. एका पिनेवर तीन-चार सेकंदांहून जास्त टेकू नका, तांब्याचा पॅड बोर्डावरून सुटून येतो आणि मग वेगळी तार टाकत बसावं लागतं. स्विच हलत नसेल तर तो ओढू नका, पुन्हा सोल्डर लावा आणि ती पंपाने पुन्हा काढा. नवा स्विच बोर्डाला पूर्ण टेकवून आधी एकच पिन सोल्डर करा, तो सरळ आहे का बघा, मगच उरलेल्या दोन. किंचित वाकडा बसला तर वरचं प्लास्टिक त्याला सतत दाबून ठेवतं आणि क्लिक लागलेलीच राहते. फ्लक्स अल्कोहोलने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, कवच बंद करण्याआधी जोडून तपासा.

गेमपॅड: स्टिक स्वतःहून सरकते तेव्हा

निन्टेंडो ६४ ने १९९६ मध्ये अंगठ्याची अ‍ॅनालॉग स्टिक लोकप्रिय केली, सोनीच्या ड्युअलशॉकने १९९७ मध्ये दोन स्टिक आणि थरथर एकत्र आणली. पीसीवर मात्र प्रत्येक पॅडची बटणं वेगळ्या क्रमाने यायची. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत एक्सइनपुट, म्हणजे पॅड आणि गेम यांनी बोलायची एकच पद्धत, आणली आणि ए-बी-एक्स-वाय हीच पीसीची भाषा झाली. स्वस्त पॅड गेमला दिसत नसेल तर तो बहुधा जुन्या डायरेक्टइनपुटवर अडकलेला असतो. खाली डी-एक्स असा खटका असतो किंवा मधलं मोड बटण काही सेकंद धरावं लागतं.

स्टिकच्या आत दोन बदलते रोध असतात. कार्बनची पट्टी झिजली की मधली जागा हलते आणि न हलवता नजर फिरत राहते. एका गेममध्ये दिसतं आणि दुसऱ्यात नाही, याचं कारण डेडझोन. एक्सइनपुटमध्ये स्टिकचा आकडा उणे ३२,७६८ ते ३२,७६७ इतका असतो, आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेला मधला दुर्लक्षित भाग डाव्या स्टिकला ७,८४९, उजव्याला ८,६८९. म्हणजे जवळपास एक चतुर्थांश प्रवास वाया! इतका मोठा डेडझोन ठेवणाऱ्या गेममध्ये झिजलेली स्टिकही निरोगी दिसते.

उपाय याच क्रमाने करा. स्टिक दोन्ही बाजूंनी वीसेक वेळा पूर्ण गोल फिरवा, धूळ असेल तर एवढ्याने थांबते. मग बुडाशी आयसोप्रोपिलचे एक-दोन थेंब टाकून पुन्हा फिरवा आणि वाळू द्या. मग स्टीम या गेम विकत घ्यायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन २-२ टक्क्यांनी वाढवत सरकणं थांबेपर्यंत न्या. १५ च्या पुढे जावं लागलं तर बारीक नेम गेलाच, आता भाग बदलायचा. पूर्ण स्टिकला १४ ठिकाणी सोल्डर असते. माउसच्या तीन पिना पहिल्यांदाच केलेल्या माणसाने हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

नवा घेताना हॉल किंवा टीएमआर स्टिकचा घ्या. त्यांत चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून झीज नाही. कल्पना जुनीच आहे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये १९९८ मध्ये हॉल सेन्सर होते.

स्टीअरिंग आणि मोबाइलवरून येणारे

स्टीअरिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते कुठे बसवणार हा प्रश्न आधी सुटायला हवा. ९०० अंश फिरणारं चाक सरकत्या ट्रेला लावलं की ट्रे निखळते. जाड टेबल, भिंतीला टेकवलेले पेडल आणि चाकं नसलेली खुर्ची हवी. गेममधला स्टीअरिंगचा कोन आणि ड्रायव्हरमधला कोन एकच ठेवा. पेडल सोडल्यावरही ब्रेकची रेघ थरथरत असेल तर आतल्या रोधात धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

नागपुरात आता बरेच जण थेट मोबाइलवरून पीसीवर येतात. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, आणि एक पिढी काचेवर चार बोटांनी खेळायला शिकली. त्यांची नजर तयार असते, पण माउस मनगटातून हलवायची सवय लागते. पहिल्या आठवड्यात मुद्दाम मोठं अंतर, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या पुढे ठेवा आणि कोपरातून हात हलवा. जायरोची, म्हणजे फोन कलवून नेम धरायची, सवय असलेल्यांना जायरोवाला गेमपॅड स्टीमवर लगेच जमतो, हा मधला मार्ग चांगला.

कूलर, नवतपा आणि अर्थिंग

इथल्या उन्हाळ्यात साधनं दोन बाजूंनी मार खातात. बाहेर ४५ अंश, घरात कूलरची दमट हवा. २३ मे २०१३ ला तर पारा ४७.९ वर गेला होता. माउस आणि गेमपॅडवरचा मऊ रबरी थर या उष्णता-ओलाव्यात विरघळल्यासारखा चिकट होतो. तो परत नीट होत नाही. कापडावर आयसोप्रोपिल घेऊन पूर्ण पुसून टाका, खालचं कडक प्लास्टिक निघतं आणि ते अनेक वर्षं टिकतं. नवं घेताना मऊ थर नसलेलंच बघा.

कूलरच्या थेट झोतात कापडी पॅड ठेवू नका. ओलं झालं की माउस जड सरकतो आणि बसवलेली सगळी मापं खोटी वाटायला लागतात. पॅड महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा आणि सावलीत आडवं वाळवा. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या, उन्हात वाळत घातलं तर खालचं रबर कडेने वळतं, मग ते सपाट होत नाही. कीबोर्डच्या कीकॅप महिना-दोन महिन्यांनी काढून आतली धूळ ब्रशने झाडा, काढण्याआधी फोटो काढायला विसरू नका.

शेवटी एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. गेमपॅड किंवा सीपीयूच्या धातूला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, यूएसबी साधनं मध्येच तुटून परत जोडली जात असतील, तर साधन बदलण्याआधी घरचं अर्थिंग तपासा. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळणारे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर डब्यावर लाइनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्याने झटका सौम्य लागतो, पण यूएसबीला तो पुरेसा त्रास देतो. दोन पिनांचा अडॅप्टर लावून तीन पिनांचा प्लग घुसवलेला असेल तर तो आजच काढा. मल्टिमीटर एसीवर ठेवून लाइन आणि अर्थ यांमध्ये मोजा: २३० च्या जवळ आकडा हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये एक-दोन व्होल्टपर्यंत चालेल. यापेक्षा बराच जास्त आला, किंवा लाइन-अर्थमध्ये काहीच आला नाही, तर स्वतः बोर्ड उघडू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंगचा खड्डा कधी भरला होता ते विचारा. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, तेव्हा आधी त्यात पाणी घालून पुन्हा मोजायला सांगा.